कॅलोटच्या त्रिकोणाची वरची कड : शल्यविद्येची परीक्षा आणि शरीररचनाशास्त्र

एम.एस. जनरल सर्जरीच्या तोंडी परीक्षेत ‘कॅलोटच्या त्रिकोणाची वरची कड कोणती?’ हा प्रश्न अनेकांच्या वाट्याला येतो. पित्ताशय काढताना ओळखावा लागणारा, पित्तनलिकांजवळचा हा त्रिकोण फ्रेंच सर्जन कॅलोट यांच्या नावाने ओळखला जातो. पित्ताशयाची धमनी हे उत्तर कॅलोट यांच्या १८९१ मधील मूळ वर्णनाला धरून आहे, तर यकृताचा खालचा पृष्ठभाग हे उत्तर आजच्या ऑपरेशन थिएटरातील वापराला धरून आहे. दोन्ही उत्तरे का टिकतात, हे सांगता येण्यासाठी शरीररचना नुसती पाठ असून भागत नाही.

पाहून शिकण्याचा आग्रह आपल्याकडे जुनाच आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले थर पाहावेत, असे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान सांगते. आधुनिक काळात कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी केलेले विच्छेदन प्रसिद्ध आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर, पुस्तक निघाले त्याच १८५८ साली मुंबईत आले आणि ग्रँटमध्ये हाच विषय शिकवू लागले.

गोव्याचा क्रम मात्र वेगळा होता. पणजीत १८४२ मध्ये स्थापन झालेल्या पोर्तुगीज शाळेच्या ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ या नावातच वैद्यक आणि शल्य एकत्र नांदत होते. तिथले शिक्षण पोर्तुगीजमधून चाले. मुक्तीनंतर याच संस्थेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाल्यावर त्याच्या कक्षेत आले. हे कॉलेज, म्हणजेच ‘गोमेकॉ’, पुढे बांबोळीला गेले. मांडवीकाठच्या जुन्या वास्तूत आज इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी जमते. तिथे एके काळी डॉक्टर घडत होते, हे त्या गर्दीत क्वचितच कुणाच्या मनात येत असेल.

शरीररचना पाहून शिकण्यात खरी अडचण वेळापत्रकाने निर्माण केली. १९९७ च्या नियमांनी एम.बी.बी.एस.चा पहिला टप्पा, ज्यात शरीररचना शिकवली जाते, अठरा महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणला आणि विच्छेदनाचे तास आक्रसले. पहिले वर्ष संपल्यापासून एम.एस.च्या अंतिम परीक्षेपर्यंत, मध्ये एकही वर्ष वाया न जाता, साधारण साडेसात वर्षे जातात. तरीही चार लेखी प्रश्नपत्रिकांपैकी एक मूलभूत विषयांच्या उपयोजनावर असते आणि तोंडी परीक्षेत ऑपरेटिव्ह सर्जरीच्या टेबलावर परीक्षक थेट मज्जातंतू व रक्तवाहिन्यांकडे वळतात. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी या पदव्युत्तर परीक्षेला बसणाऱ्यांनाही ही उजळणी चुकत नाही.

त्यातच दृष्टिकोन बदलला, अगदी शब्दशः. डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे.जे. रुग्णालयात, म्हणजे कार्टर यांच्याच ग्रँट कॉलेजच्या आवारात, भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. हर्नियाचेही तसेच झाले. विद्यार्थ्याने इंग्वायनल कालवा, म्हणजे जांघेतला हर्निया होण्याचा मार्ग, पुढून, थरामागून थर उलगडत पाहिलेला असतो. दुर्बीण त्याला तोच भाग मागून, पोटाच्या आतून दाखवते. तिथे शुक्रवाहिनी आणि वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणात टाका किंवा टॅकर (जाळी बसवण्याची बारीक पिन) मारायचा नसतो, कारण खाली पायाकडे जाणाऱ्या मोठ्या इलियाक रक्तवाहिन्या असतात. फॉर्मॅलिनने ताठरलेल्या देहावर पूर्वी शिकलेला हा भाग रेसिडेंटला, म्हणजे प्रशिक्षणार्थी सर्जनला, पडद्यावर ओळखता आला नाही, तर त्याला आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याला ती बाजू कधी दाखवलेलीच नसते.