थंडीत कुत्र्याचे केस कापायचे का?

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली. म्हणून ‘आता मशीन लावूच नका’ असं काही ग्राहक सांगतात. घरभर केस होतात म्हणून ‘झिरो मारून द्या’ म्हणणारेही असतात. आम्ही आधी केस कसे आहेत ते बघतो.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस पाणी आणि ऊन अडवतात, आतली मऊ लव ऊब धरते. झिरो मारला की दोन्ही थर जातात. पुढे लव भरभर वाढते, राठ केस मागे पडतात. काहींचे, विशेषतः पॉमेरेनियनचे, केस महिनोन्‌महिने नीट भरून येत नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी किंवा कातडीवरच्या उपचारासाठी सांगितलं असेल किंवा अंगभर जटा झाल्या असतील तरच आम्ही या कुत्र्यांना झिरो मारतो, एरवी कितीही आग्रह झाला तरी नाही. शिवाय त्याने गळती थांबत नाही. आखूड केस गळतात आणि सोफ्याच्या कापडात रुततात. ब्लोअर मारून सुटलेली लव काढली की घरातला त्रास बराच कमी होतो.

शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस वाढतच राहतात. त्यांना थंडीतही मशीन चालतं, फक्त साधारण इंचभर केस ठेवून घ्या. डोळ्यांसमोरचे, पंजांमधले आणि शेपटीखालचे केस मात्र बाराही महिने कापायचे.

खरी अडचण जटांची. थंडीत आंघोळ लांबते, विंचरणंही राहून जातं आणि स्वेटर दिवसभर घासतो. वरून ब्रश फिरवला तर केस मोकळे वाटतात. स्टीलचा कंगवा कातडीपासून चालवून बघा, कानामागे, काखेत, पट्ट्याखाली. अडला तर तिथे जट आहे. तिच्यावर पाणी घालू नका, ओली झाली की ती आणखी आवळते. खाली ओल राहून कातडी लाल होते, जखमा होतात, गोचीड लपते. अशा जटा अंगभर असतील तर ऐन थंडीतही केस मुळापासून काढावेच लागतात, कारण ब्लेड जट आणि कातडी यांच्या मधूनच फिरवता येतं. लांबी ठेवा म्हटलं तरी ठेवता येत नाही, आणि जटा ओढून सोडवणं म्हणजे त्या जिवाचे हाल.

केस इतके आखूड झाले तर सुती अस्तराचा स्वेटर घाला, रोज काढून अंग तपासा, फरशीवर गोधडी टाका आणि ऊन आल्यावरच फिरायला न्या.

आपली देशी कुत्री, बीगल, डॉबरमन यांना कापण्याची गरजच नाही. रबरी ब्रश पुरतो.

थंडीत लांब केसांच्या कुत्र्यांना आम्ही सकाळची वेळ देतो. आतली लव मुळापर्यंत सुकायला वेळ लागतो आणि ओलं कुत्रं आम्ही घरी पाठवत नाही.