शीट म्युझिक वाजवणाऱ्या स्क्रिप्टमागचा इतिहास

शीट म्युझिकची, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या स्वरलिपीची फाइल उघडून ती वाजवून दाखवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) आज मोजक्या ओळींत लिहिता येते. ती इतकी लहान राहते, कारण अवघड काम आधीच्या लोकांनी करून ठेवलं आहे.

1957 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकावर ‘म्युझिक वन’ हा प्रोग्राम चालवला. त्यातून निघालेली पहिली रचना जेमतेम 17 सेकंदांची होती. या घराण्यातल्या पुढच्या प्रोग्रामांनी वाद्याचं वर्णन आणि वाजवायच्या सुरांची यादी वेगळी ठेवली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

1983 साली मिडी आलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांना सूर कळवण्याचं प्रमाण. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने एकमेकांचे स्पर्धक असलेले वाद्यनिर्माते एका प्रमाणावर राजी झाले. प्रत्येक सुराला 0 ते 127 पैकी क्रमांक मिळाला. 440 हर्ट्झचा ‘ए’ म्हणजे 69. कुठल्याही सुराची कंप्रता हवी असेल तर क्रमांकातून 69 वजा करायचे, 12 ने भागायचं, 2 चा तेवढा घात घेऊन 440 ने गुणायचं. छोट्या स्क्रिप्टचा निम्मा जीव या एका सूत्रात आहे.

पण मिडी वादनासाठी घडलं, वाचनासाठी नाही. मधल्या सप्तकातले सी शार्प (‘सी’पेक्षा अर्धा स्वर वर) आणि डी फ्लॅट (‘डी’पेक्षा अर्धा स्वर खाली) त्याच्या लेखी एकच, 61. कागदावर मात्र या दोन खुणा वेगळ्या असतात आणि वादकाला त्यातून रचनेची दिशा कळते. ही माहिती हरवू न देणारं, स्वरलिपी लिहिणाऱ्या सगळ्या नोटेशन प्रोग्रामांना वाचता येईल असं स्वरूप हवं होतं. मायकेल गुड यांनी म्यूजडेटा आणि हमड्रम या अभ्यासकांच्या स्वरूपांवरून म्युझिकएक्सएमएल बेतलं. त्याची 1.0 आवृत्ती 2004 मध्ये आली आणि 2015 पासून त्याची देखभाल डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या समुदाय गटाकडे आहे.

या फाइलमध्ये सुराचं नाव, सप्तक आणि शार्प-फ्लॅट वेगवेगळे नोंदलेले असतात. कालावधी सेकंदांत नसतो. एका क्वार्टर नोटचे (पूर्ण नोटच्या पाव लांबीच्या सुराचे) किती भाग मानायचे ते आधी सांगितलेलं असतं आणि प्रत्येक सूर त्या भागांत मोजतात. सेकंद काढायला टेम्पो, म्हणजे वादनाचा वेग लागतो. इथवर सोपं आहे. गुंता पुढे होतो, कारण फाइल पानाच्या मांडणीने चालते आणि कानाला काळाचा क्रम लागतो. पियानोच्या रचनेत एका मापातला (उभ्या रेघांमधल्या एका तुकड्यातला) उजव्या हाताचा भाग संपला की ‘बॅकअप’ ही खूण काळ मागे नेते आणि तिथून डावा हात सुरू होतो. ‘कॉर्ड’ची खूण असलेला सूर आधीच्या सुराबरोबरच वाजवायचा असतो. टायने (जोडणाऱ्या कमानीने) जोडलेले एकाच उंचीचे दोन सूर एकच लांब सूर म्हणून धरावे लागतात. पुनरावृत्तीच्या खुणा तर आधी उलगडूनच घ्याव्या लागतात.

म्हणूनच पायथनमध्ये लिहिणारे बरेच जण हे उलगडण्याचं काम एमआयटीत तयार झालेल्या म्युझिक21 या तयार कोडच्या लायब्ररीकडे देतात, तिच्याकडून मिडी फाइल घेतात आणि ती फ्लुइडसिंथ या आवाज निर्माण करणाऱ्या प्रोग्राममधून साउंडफॉन्टच्या (वाद्यांच्या आवाजांचे नमुने असलेल्या फाइलच्या) आवाजात वाजवतात.