मॉडेल स्टीम बॉयलरचा सेफ्टी प्लग: तपासणीचा अर्ज कोणी करायचा, कागद काय लागतात

स्वतः बनवलेलं स्टीम इंजिन लोकांसमोर चालवायचं तर बॉयलरचं सर्टिफिकेट लागतं, बऱ्याच क्लबांत त्याशिवाय शेगडी पेटवूच देत नाहीत. फॉर्म भरणं सोपं आहे हो, खरी विचारपूस होते फायरबॉक्सच्या (बॉयलरमधली जाळाची पेटी) डोक्यावर बसवलेल्या त्या बोटाएवढ्या प्लगची, आत कुठला धातू भरलाय, कधी भरलाय, कोणी भरलाय.

प्लगचं काम थोडक्यात असं. ब्रॉन्झच्या पोकळ बोल्टमध्ये कथील ओतलेलं असतं, पाणी फायरबॉक्सच्या छताखाली गेलं की कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, वाफ सरळ जाळावर सुटते आणि ड्रायव्हरला कळतं की गडबड आहे. १८०३ मध्ये ग्रिनिचला एक बॉयलर फुटून माणसं मेली, त्यानंतर रिचर्ड ट्रेव्हिथिकने ही युक्ती आणली. मॉडेलमध्येही तत्त्व तेच. पण एक लक्षात घ्या, हा प्लग सेफ्टी व्हॉल्व्हच्या बदल्यात चालत नाही, व्हॉल्व्ह प्रेशर सांभाळतो आणि प्लग कमी पाण्याची खबर देतो, दोन्ही वेगवेगळी कामं.

अर्ज कोण करू शकतं? ज्याने बॉयलर बनवला तो किंवा आत्ताचा मालक, बऱ्याच ठिकाणी क्लबची मेंबरशिप लागते. बनवणाराच इन्स्पेक्टर असला तरी स्वतःचा बॉयलर स्वतः पास करता येत नाही, दुसरा इन्स्पेक्टर बघावा लागतो. नवीन बनवणार असाल तर पत्रा कापायच्या आधीच इन्स्पेक्टरशी बोला, कारण आतले जोड एकदा बंद झाले की ते कोणालाच दिसत नाहीत आणि मग वाद होतो.

कागदांत फॉर्म, पूर्ण ड्रॉइंग (मूळ डिझाइनमध्ये बदल केला असेल तर तो लिहून), जाडीचा आणि प्रेशरचा हिशोब, तांब्याच्या पत्र्याचं नि ट्यूबचं मटेरियल सर्टिफिकेट, वापरलेल्या सिल्व्हर सोल्डरचा ग्रेड. विकत घेतलेला असेल तर मेकरचं सर्टिफिकेट आणि जुन्या टेस्टचे कागद. प्लगचं वेगळं छोटं ड्रॉइंग जोडा, आटे, भोकाचा आकार, छताच्या वर किती येतो ते सगळं, आणि कथिलाच्या शुद्धतेचा कागद किंवा निदान बिल. हा शेवटचा कागद लोक विसरतात.

शुद्धतेचा एवढा आग्रह उगाच नाही. साधं झाळायचं सोल्डर, म्हणजे कथील-शिशाचं मिश्रण, १८३ अंशाच्या आसपासच मऊ व्हायला लागतं, आणि ७ बारच्या वाफेचं तापमान १७० अंश असतं, म्हणजे मधे जागाच उरत नाही. कथिलात जस्ताची भेसळ असेल तर ते आतून कुजतं आणि तयार होणारा ऑक्साइड कथिलाच्या तापमानाला वितळतच नाही, म्हणजे प्लग दिसायला ठणठणीत पण वेळेला मुका. बॉडी पण पितळेची नको, ब्रॉन्झ किंवा गनमेटल घ्या, पितळेतलं जस्त गरम पाण्यात निघून जातं आणि आटे भुसभुशीत होतात. भोक निमुळतं करा, रुंद बाजू पाण्याकडे, म्हणजे प्रेशरने कथील बाहेर न सरकता उलट घट्ट बसतं. ओतायच्या आधी भोकाला फ्लक्स (धातू चिकटायला मदत करणारा लेप) लावून कथिलाचा पातळ हात फिरवून घ्या, नाहीतर ते नुसतं अडकलेलं राहतं, चिकटत नाही. नंतर फ्लक्स नीट धुवा.

मग टेस्ट. पहिली थंड पाण्याची हायड्रॉलिक, ब्रिटिश क्लबांच्या कोडमध्ये (नियमावलीत) नव्या बॉयलरला वर्किंग प्रेशरच्या दुप्पट, नंतरच्या वेळी दीडपट. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून भोक बंद करायचं, नाहीतर तोच उघडतो. पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह परत लावून वाफेवर टेस्ट, जाळ पूर्ण, इंजिनाकडे जाणारा वाफेचा व्हॉल्व्ह बंद, आणि प्रेशर वर्किंग प्रेशरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त चढता कामा नये. गेज आधी मास्टर गेजशी जुळवून न्या.

पास झालं की बॉयलरवर नंबर मारतात आणि सर्टिफिकेटवर मुदत लिहितात, ती आपल्या कोडप्रमाणे बघा. प्लग मधूनमधून काढून दोन्ही टोकं घासून बघा, क्षार किंवा काजळी चढली असेल तर साफ करा, कथील बदललं की लॉगबुकात तारीख टाका. आणि प्लग एकदा वितळला असेल तर नुसता नवा लावून जाळ पेटवू नका, आधी इन्स्पेक्टरला कळवा, छत तापून वाकलंय का ते बघून परत हायड्रॉलिक होईपर्यंत जुनं सर्टिफिकेट धरू नका.