जनरल जेकब आणि म्हादईचे रान

गोव्यातले म्हादईचे रान व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायचे का, या वादात सरकार, न्यायालय, पर्यावरणवादी आणि सत्तरी तालुक्याचे गावकरी असे सगळे येतात. पण ज्याच्या सहीमुळे हा प्रश्न उभा राहू शकला, त्या माणसाचे नाव क्वचितच निघते.

लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब हे कोलकात्यातल्या बगदादी ज्यू घराण्यातले. युरोपात ज्यूंचे काय हाल चाललेत ते कानावर आले आणि दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले, तोफखान्यात. १९७१ साली ते पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. १६ डिसेंबरला शरणागतीचा मसुदा घेऊन ते ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींपुढे जाऊन बसले. नियाझींपाशी शहरात २६ हजारांवर सैनिक होते आणि भारताचे शहराबाहेर जेमतेम तीन हजार, असे जेकब पुढे सांगत. त्यांनी नियाझींना विचाराला अर्धा तास दिला. त्याच दिवशी रेसकोर्स मैदानावर, लोकांसमक्ष, शरणागतीवर सह्या झाल्या.

१९७८ साली ते निवृत्त झाले, १९९०च्या दशकात भाजपमध्ये गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये राज्यपाल म्हणून गोव्याच्या काबो राजभवनात आले.

तेव्हा गोव्यात सरकारे टिकत नव्हती. जुलै १९९८ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या पक्षात फूट पडली. सभापतींनी फुटीर आमदारांना मतदानापासून दूर ठेवले आणि राणे यांनी विश्वासमत जिंकले. जेकब यांनी ते न मानता सरकार बडतर्फ केले आणि विल्फ्रेड डिसोझांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. राज्यपालाने इतके पुढे जावे का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. डिसोझाही चार महिन्यांत गेले, मग लुईझिन फालेरो आले, तेही पडले. फेब्रुवारी १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली आणि कारभार राज्यपालांकडे, म्हणजे जेकब यांच्याकडे आला.

जूनच्या निवडणुकीपर्यंतचे ते चार महिने माझ्या मते गोव्याच्या जंगलांसाठी फार मोलाचे ठरले. मंत्रिमंडळ नव्हते, त्यामुळे खाण आणि लाकूड यांची रदबदली करायला कुणाच्या केबिनमध्ये जाण्याची सोय नव्हती. सत्तरीत म्हादई (सुमारे २०८ चौरस किलोमीटर) आणि सांगेत नेत्रावळी (सुमारे २११ चौरस किलोमीटर) ही दोन अभयारण्ये जेकब यांच्या सहीने जाहीर झाली. आधीच्या मोले आणि खोतीगाव अभयारण्यांशी ती जोडली गेली आणि सह्याद्रीच्या गोव्याकडच्या उतारावर संरक्षित रानाचा सलग पट्टा तयार झाला. पलीकडे कर्नाटकातले भीमगड आणि काळी नदीकाठचे रान. वाघ सीमा पाहून फिरत नाही. इथल्या गावांनी तर त्याला ‘वाघ्रो’ म्हणून देवच मानले आहे.

निर्णय योग्य होता, पण तो गावांना सोबत घेऊन झाला नाही. सत्तरीत कित्येक घरांच्या काजूच्या बागायती पिढ्यानपिढ्यांच्या आहेत आणि जमिनीची मालकी कागदावर नाही. अभयारण्यातल्या लोकांचे हक्क ठरवायचे काम नंतरच्या लोकनियुक्त सरकारांचे होते. त्यांनी ते वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवले. याचा दोष मी जेकब यांच्यापेक्षा या सरकारांना जास्त देईन.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधा झाली होती. त्यानंतर गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असा आदेश दिला आणि रानात राहणाऱ्यांचे दावे वर्षभरात निकाली काढा, असेही बजावले. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले.

जेकब गोव्यातून पंजाबचे राज्यपाल म्हणून गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत वारले.