घरगुती मिलिंग: यंत्र विकत घ्यावे की यंत्राचा वेळ?

मोटर बसवण्याचा ब्रॅकेट, दुर्बिणीच्या बैठकीचा एखादा भाग किंवा बाजारात न मिळणारा ॲडॉप्टर स्वतः धातूतून कोरून काढावा, असे मनात आले की पहिला प्रश्न यंत्राचा येतो आणि बहुतेक जण तो किंमत व जागा या दोनच गोष्टी पाहून सोडवतात. मात्र या निवडीचा खरा निकष भौतिकीचा आहे. कापताना निर्माण होणाऱ्या बलाने यंत्र, कटर आणि जॉब (ज्यावर काम करायचे तो धातूचा तुकडा) हे तिन्ही मिळून किती वाकतात, यावर काम कुठे करावे हे ठरते.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्वतः न फिरता त्यावरून सरकते. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. कटरचा प्रत्येक दात क्षणभर धातूत शिरतो आणि बाहेर पडतो, त्यामुळे बल सलग न राहता ठोक्याठोक्याने येते. एका टोकाला पकडलेल्या दांड्यावर दुसऱ्या टोकाशी बल लावले तर त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होते. ८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा ३० मिलिमीटर बाहेर ठेवला आणि टोकाशी १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतके बल लावले, तर तो सुमारे ०.०२ मिलिमीटर वाकतो. तोच ६० मिलिमीटर बाहेर काढला की वाकणे आठपट होऊन ०.१७ मिलिमीटरच्या आसपास जाते. शक्य तितका आखूड आणि जाड कटर वापरावा, हा कारागिरांचा जुना दंडक याच गणितातून येतो. हेच तत्त्व यंत्राच्या खांबाला, टेबलाला आणि कटर फिरवणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्पिंडललाही लागू पडते, म्हणून पाऊणशे किलोच्या आतबाहेर वजन असलेले टेबलावरचे छोटे मिलिंग मशीन आणि टनाच्या घरात वजन जाणारे कारखान्यातले मशीन यांच्यातला फरक केवळ आकाराचा राहत नाही.

विकत घेणाऱ्याची नजर मात्र मोटरच्या वॅटवर खिळलेली असते. माइल्ड स्टीलचा, म्हणजे कमी कार्बनच्या साध्या पोलादाचा १ घन मिलिमीटर कापून काढायला ढोबळमानाने २ ते ३ जूल ऊर्जा लागते आणि ॲल्युमिनियमला त्याहून बरीच कमी. या हिशेबाने मिनिटाला १० घन सेंटिमीटर पोलाद काढायला कटरपाशी ४०० वॅटच्या आसपास शक्ती पुरते. छोट्या यंत्रांच्या मोटरी कागदावर इतके देऊ शकतात, पण तो वेग गाठण्याच्या कितीतरी आधी यंत्र थरथरू लागते, कटर किंचाळतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. यालाच चॅटर म्हणतात. घरगुती यंत्राला मर्यादा पडते ती दृढतेची, म्हणजे बलाखाली न वाकण्याच्या क्षमतेची; मोटरची क्वचितच.

घरात आधीच असलेल्या ड्रिल मशीनवर एंडमिल (बाजूने आणि टोकाने कापणारा मिलिंगचा कटर) लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. त्यापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रिल मशीनचे बेअरिंग मुख्यतः उभ्या दाबासाठी असते आणि तिचा चक, म्हणजे ड्रिल पकडणारा जबडा, पुष्कळदा केवळ शंकूच्या घट्ट बसण्यावर टिकलेला असतो. आडव्या बलाचे ठोके बसू लागले की तो सैल होऊन फिरता फिरता खाली येऊ शकतो. मिलिंग मशीनमध्ये कटर कोलेटमध्ये, म्हणजे त्याला सर्व बाजूंनी आवळणाऱ्या चिरा पाडलेल्या बाहीत धरतात आणि ड्रॉबार नावाचा लांब बोल्ट तिला वरून खेचून ठेवतो, तो याच कारणासाठी. लाकूडकामाच्या सीएनसी राउटरची, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरणाऱ्या यंत्राची अडचण वेगळी आहे. त्याचा स्पिंडल मिनिटाला १०,००० ते २४,००० फेरे घेतो. ३ मिलिमीटरच्या एकदाती कार्बाइड (अतिकठीण टंगस्टन संयुग) कटरने त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ थर चांगले निघतात, पण पोलाद त्यावर कापायला घेणे म्हणजे कटर जाळणे होय.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. कापण्याचा वेग मीटर प्रति मिनिट घ्यावा, त्याला १,००० ने गुणावे आणि कटरच्या मिलिमीटरमधील परिघाने भागावे. हायस्पीड स्टीलच्या, म्हणजे तापल्यावरही धार टिकवणाऱ्या पोलादाच्या कटरला माइल्ड स्टीलसाठी सुमारे २५ मीटरचा वेग मानवतो, म्हणजे १० मिलिमीटरचा कटर मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांनी चालवावा. चार दातांपैकी प्रत्येकाने दर फेरीला ०.०५ मिलिमीटर धातू घ्यायचा असेल, तर टेबल मिनिटाला १६० मिलिमीटर सरकले पाहिजे. भीतीपोटी याहून फारच हळू सरकवले तर दात कापण्याऐवजी घासतो, उष्णता वाढते आणि धार लवकर जाते. कार्बाइड पोलादापेक्षा जवळपास तिप्पट दृढ असते आणि अधिक वेगही सोसते, पण ते ठिसूळ असल्यामुळे थरथरणाऱ्या यंत्रात त्याच्या धारेचे तुकडे उडतात. हलक्या यंत्रावर पोलाद कापायला हायस्पीड स्टील हीच समंजस सुरुवात होय.

खर्चाचा क्रमही उलटा लावावा, असे मला वाटते. उत्तम व्हाइस (जॉब आवळणारा शिकंजा), पॅरलल ब्लॉक (जॉब समपातळीत उचलून धरणारे ठोकळे), मायक्रोमीटर, चुंबकी स्टँडसह डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) आणि चार-पाच निवडक एंडमिल यांवर आधी खर्च करावा, कारण ही साधने कोणत्याही यंत्राबरोबर चालतात. ॲल्युमिनियमचे लहान भाग आणि ०.१ ते ०.२ मिलिमीटरची चूक चालणारी कामे पुष्कळ असतील, तर घरचे छोटे मशीन सार्थकी लागते. बेअरिंगची बैठक, लांब पोलादी पट्टीवरचा सपाट पृष्ठभाग किंवा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी निघणारे काम यासाठी सामायिक कार्यशाळा, तंत्रशिक्षण संस्थेचा वर्ग किंवा जॉबवर्क करणारा कारखाना गाठावा. तिथे तासावर पैसे मोजावे लागत असतील, तर कच्चा माल मापाने कापणे, बर, म्हणजे कडांवर उरलेली धातूची कुसळे, कानशीने काढणे आणि छिद्रांच्या जागा आखून घेणे ही कामे घरीच उरकून जावे. मशीनचा वेळ फक्त चिप, म्हणजे धातूचा कीस, काढण्यात जायला हवा. डोळ्यांवर चष्मा सर्वत्र हवाच. फिरत्या कटरजवळ हातमोजे मात्र कधीही घालू नयेत, कारण कापड अडकले की हातही ओढला जातो.

सभासदत्वाचे पैसे भरण्यापूर्वी तिथले मशीन तपासण्याची परवानगी मागावी. मशीन बंद असताना टेबलावर इंडिकेटर लावून स्पिंडलचे टोक हाताने जोरात ढकलावे. काटा किती हलला आणि हात सोडल्यावर मूळ जागी परतला का, यावरून खांबाची दृढता आणि बेअरिंगची झीज दोन्ही कळतात. मग इंडिकेटर टेबलाच्या टोकाशी लावून हँडल एका दिशेने आणि नंतर उलट फिरवावे. टेबल हलण्यापूर्वी हँडलच्या डायलवर जितके मिलिमीटर वाया जातात तितका स्क्रू आणि नटमधला बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा असतो. दाताची आणि टेबलाची दिशा एकच ठेवून कापल्यास पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण तेव्हा कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. बॅकलॅश जास्त असल्यास टेबल तेवढ्याने अचानक पुढे उसळते आणि कटर तुटतो. अशा यंत्रावर दात टेबलाच्या विरुद्ध दिशेने जाईल असेच कापावे. दोन्हींची दिशा एकच ठेवून कापायचेच झाले, तर शेवटच्या एखाद-दोन दशांश मिलिमीटरच्या फिरवणीपुरते, टेबलाचे लॉक किंचित आवळून कापावे.