केडगावचा वारसा: पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची पार्श्वभूमी

जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनपुढे वारसाचा प्रश्न उभा राहिला. पंडिता रमाबाईंची ही एकुलती एक मुलगी. वय अवघं चाळीस. रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनची शाळा त्या बघत, ब्रेल शिकून आल्या होत्या म्हणून अंध मुलींनाही शिकवत. आईच्या मागे संस्था त्याच चालवणार असं सगळे धरून चालले होते. पण नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. वंश तिथे संपला. संस्था मात्र दौंड तालुक्यातल्या केडगावात अजून चालू आहे, आणि निराधार बायका, अनाथ मुलं आजही तिथे आसऱ्याला येतात.

रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या तारखेपासून सांगतात. खरं तर ती दुष्काळापासून सांगायला हवी.

वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान माणूस. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराणं सांगत फिरू लागलं. १८७४ नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांच्याच पोटाला नाही, तिथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? भांडीकुंडी, किडूकमिडूक विकून झालं, नवससायास झाले. वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. पुढे आपली साक्ष, म्हणजे श्रद्धेच्या प्रवासाची कहाणी, लिहिताना रमाबाईंनी एक गोष्ट न लपवता सांगितली आहे: अंगमेहनतीचं काम कुणालाच येत नव्हतं, आणि उच्च कुळाच्या अभिमानापायी ते करण्याची तयारीही नव्हती. पोथ्या मुखोद्गत असलेलं घर उपाशी मेलं. केडगावात पुढे जे उभं राहिलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

मधली वर्षं भराभर गेली. १८७८मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. भाऊ वारला. १८८०मध्ये बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी जातीबाहेरचं नोंदणी लग्न झालं. दोन वर्षांच्या आतच पतीचं पटकीनं निधन झालं आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलमचं एक आश्रयगृह दाखवलं. समाजानं ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांची तिथे मायेनं सेवा चालली होती. हे सगळं कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी स्त्रीचा प्रसंग, समाजानं हीन मानलेल्या बाईशी येशू बोलतो तो, वाचून दाखवला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांना आधी कृती पटली, शिकवण मागून आली. चर्चचा अधिकार मुकाट्यानं मानायला मात्र त्या कधीच तयार झाल्या नाहीत. वाँटेजच्याच भगिनी जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा, चांगला खमंग आहे! खाणंही शाकाहारीच राहिलं. एवढं होऊनही, आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी नंतर सांगितलं. ख्रिस्त भेटल्याचा अनुभव आला १८९१च्या सुमारास, भारतात परतल्यावर.

तोवर शारदा सदन सुरू झालं होतं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा दहा वर्षांचा आधार होता. अट अशी की धर्म कुणावर लादायचा नाही. रमाबाईंनी सक्ती केली नाही, पण आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून त्या प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये वाद पेटला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची फसवणूक झाल्याची भावना खोटी म्हणता येत नाही. पण ज्या बाईचा विश्वास सेवेतून आला, तिला सेवा आणि विश्वास असे दोन कप्पे करता येणंही कठीणच होतं.

१८९६मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई स्वतः गेल्या आणि अनाथ-विधवा मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात इतक्या जणींना ठेवायला मनाई झाली. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथेच राहुट्या ठोकल्या. १८९८मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे प्रत्येकीला हातानं काही ना काही करावंच लागे. शेती, गोठा, माग, तेलघाणा, शिवण, छापखाना. लिहिणं-वाचणं होतंच, पण नुसतं लिहिणं-वाचणं नव्हे. डोंगऱ्यांच्या घरात जे कमी पडलं होतं, ते इथे रोजच्या वेळापत्रकात आलं.

१९०५मध्ये मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. रात्र रात्र प्रार्थना, रडणं, पापाची कबुली. इथल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका दूर चिलीत वालपरैसोला एका मैत्रिणीच्या हाती पडली. तिचा नवरा विलिस हूवर हा तिथला मेथडिस्ट पाळक, पुढे चिलीतल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीचा) अग्रणी. त्या चळवळीच्या इतिहासात म्हणून केडगावचं नाव येतं. पुण्यापासून तासा-दीड तासावरच्या या स्टेशनावरून रोज गाड्या धडधडत जातात, पण हे ठाऊक असलेले प्रवासी विरळाच.

शेवटची वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी हवं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासूनची छपाईची कामं मुक्तीतल्याच बायकांनी केली. १९२४मध्ये, रमाबाईंच्या पश्चात, तो ग्रंथ बाहेर आला. मराठी चर्चमध्ये त्याला फारशी जागा मिळाली नाही, हेही खरं.

त्यांचा वारसा मोजताना केडगावच्या कुंपणाबाहेरही बघावं लागतं. शारदा सदनच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. ती ख्रिस्ती झाली नाही. मार्च १८९३मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला, आणि त्यांच्याच हातून १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. या सगळ्या कामात आनंदीबाई कर्वे म्हणून गोदूबाई अखेरपर्यंत राबल्या.