कॉलबॅकमधली चूक जाते कुठे?

पायथनमध्ये नावांची यादी जन्मवर्षानुसार लावायची आहे आणि त्यासाठी सीएफएफआय या लायब्ररीतून सी भाषेतलं क्यूसॉर्ट वापरतोय, असं समजा. क्यूसॉर्टला क्रम लावता येतो, पण जन्मवर्ष म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तुलनेचं एक छोटं फंक्शन आपण त्याच्या हाती देतो. दोन नोंदींपैकी पहिली आधीची असेल तर ऋण आकडा, नंतरची असेल तर धन, सारख्या असतील तर शून्य. आपण दिलेलं आणि लायब्ररीने उलट बोलावलेलं हे फंक्शन म्हणजे कॉलबॅक.

आता एका नोंदीत वर्षच भरलेलं नाही. १९७४ आणि रिकामी जागा यांची तुलना करायला गेलं की पायथन एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, फेकतो. एरवी झेलणारं कुणी भेटेपर्यंत तो एकेका फंक्शनमधून मागे जातो. इथे मात्र वाटेत क्यूसॉर्ट आहे, आणि सी भाषेत एक्सेप्शन हा प्रकारच नाही. मग सीएफएफआय झालेल्या चुकीची माहिती स्क्रीनवर छापते आणि क्यूसॉर्टला देते शून्य. म्हणजे ‘दोन्ही सारखे’! क्यूसॉर्ट त्यावर विसंबून पुढे जातं. यादी दिसायला नीटनेटकी, क्रम मात्र चुकलेला असू शकतो. यापेक्षा प्रोग्राम कोसळलेला मला केव्हाही परवडतो. निदान काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. रस्ट भाषेने २०२४ मध्ये, १.८१ आवृत्तीपासून, हाच कडक मार्ग धरला: सीसाठी दिलेल्या फंक्शनमधून पॅनिक (रस्टमधला एक्सेप्शनसारखा प्रकार) बाहेर पडायला लागला की प्रोग्राम तिथेच बंद.

कॉलबॅकमधून लायब्ररीला ओलांडून थेट उडी मारून बाहेर पडणंही धोक्याचं. लायब्ररीने घेतलेली मेमरी आणि लावलेली कुलुपं तशीच राहतात.

म्हणून चांगली लायब्ररी थांबण्याची सोय ठेवते. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या एक्झेक फंक्शनला कॉलबॅकने शून्याऐवजी दुसरा आकडा दिला की ते आवरतं घेतं आणि कोड ४ परत करतं. लिबकर्ल या डाउनलोड करणाऱ्या लायब्ररीला कॉलबॅकने ‘दिलेल्यापेक्षा कमी बाइट घेतले’ असं कळवलं की डाउनलोड थांबतं, कोड २३. पण या कोडवरून मूळ कारण कळत नाही. ते कॉलबॅकनेच झेलून बाजूला जपून ठेवायचं, लायब्ररीला थांबायला सांगायचं आणि ती परतली की तोच एक्सेप्शन पुन्हा फेकायचा.

क्यूसॉर्टमध्ये मध्येच थांबवायची सोयच नाही. तिथे सीएफएफआयच्या ‘ऑनएरर’मधून, म्हणजे कॉलबॅकमध्ये चूक झाल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून, एक्सेप्शन एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा, क्रमवारी पुरी होऊ द्यावी, आणि व्हेरिएबल भरलेलं दिसलं तर ती यादी न वापरता एक्सेप्शन तिथून फेकावा.